कुत्र्याची आणि घोड्याची मालिश: घरी काय करावे, कुठे थांबावे

मालिश म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ती तेलाची वाटी. बाळाला, बाळंतिणीला, आखाड्यातल्या पहिलवानाला तेल लावून रगडायची आपली जुनी रीत. त्यामुळे घरातला म्हातारा कुत्रा लंगडायला लागला की कोणीतरी तेल कोमट करायला घेतेच. त्यामागची माया खरी असते, पण केसाळ जनावराला तेलाचा उपयोग जवळजवळ नाही. केस चिकटतात, त्यावर धूळ बसते, कुत्रा सगळे चाटून टाकतो. शिवाय तेलामुळे आपली बोटे घसरतात आणि कातडीखाली काय चालले आहे ते कळत नाही. ते कळणे हे या कामातले अर्धे काम आहे, म्हणून हात कोरडाच हवा.

माणसांच्या सांधेदुखीचे मलम, जेल, स्प्रे तर अजिबात नको. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात गेले तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि अंगावर लावलेले पोटात जायला दोनदा चाटणे पुरते.

कुत्रा आणि घोडा, दोघेही दुखणे लपवतात. कुत्रा कण्हत नाही. तो फक्त पलंगावर उडी मारायचे सोडतो, जिन्याच्या पायथ्याशी थांबून राहतो, फिरून आल्यावर आधी बसतो आणि मग पाणी पितो. घोडा तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला बघतो आणि आपण त्याला खोडकर ठरवतो. रोज दहा मिनिटे हात फिरवणाऱ्या माणसाला हे बदल लंगडणे दिसायच्या कितीतरी आधी कळतात. मी मालिश शिकवताना पहिल्या आठवड्यात कोणाला दाबू देत नाही, फक्त हात फिरवायला लावतो. दुखणे कुठे आहे हे हाताला समजल्याशिवाय जोर लावण्यात अर्थ नाही.

हात लावण्याआधी

लंगडणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. त्याच्यामागे सांध्यांची झीज असेल, गुडघ्यातला अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा) तुटला असेल, मोठ्या जातीच्या कुत्र्यात हाडाचा कर्करोगही असू शकतो. म्हणून आधी पशुवैद्यांकडे तपासणी आणि मग मालिश. हा क्रम बदलू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांचे निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकांचे काम आहे. माणसांच्या फिजिओथेरपीची पदवी कितीही चांगली असली तरी ती त्याची जागा घेत नाही.

आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची: गोचीड ताप. त्यात सांधे सुजून कुत्रा लंगडू शकतो, आणि रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी होतात. अशा कुत्र्याला मळले तर कातडीखाली रक्त साकळते. बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त ‘पाय दुखणारा’ कुत्रा दिसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत लंगडणारा कुत्रा आला की मी आधी रक्त तपासले का ते विचारतो.

थर्मामीटर घरात ठेवा. कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, मोठ्या घोड्याचे ९९ ते १०१.५. याच्या वर असेल तर मालिश नाही. उघडी जखम, कातडीचा संसर्ग, ट्यूमरची गाठ, ताजे हाड मोडणे, नुकताच झालेला मार, यांतही नाही. मार लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती आणि थंड शेक, एवढेच.

पुढच्या तीन प्रसंगी मालिशीचा विचारही न करता लगेच डॉक्टरांना फोन करायचा. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले किंवा लटपटू लागले, तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. त्याला हलवू नका, कडक पाट्यावर ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या, उशीर झाला तर पाय परत येण्याची आशा कमी होत जाते. घोड्याच्या पोटात कळा येत असतील, तो लोळत असेल, कुशीकडे वळून बघत असेल, तर तो पोटशूळ आहे. आणि कामानंतर घोड्याचे पुठ्ठे (कमरेमागचा मांसल भाग) दगडासारखे कडक झाले, घाम सुटला, पाऊल उचलेना, लघवी काळपट झाली, तर त्याचे स्नायू आतून फाटत आहेत. हा कडकपणा मळून सुटत नाही, उलट वाढतो. घोडा जिथे आहे तिथेच उभा ठेवा.

कुत्र्याची मालिश

वेळ संध्याकाळची बरी, थोडे फिरून आल्यावर. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. जमिनीवर जाड गोधडी घाला. सतरंजी नको, ती फरशीवर सरकते आणि कुत्रा धास्तावतो. घरातला टीव्ही बंद करा. कुत्र्याला जबरदस्तीने आडवा पाडू नका. म्हाताऱ्या कुत्र्याला कुशीवर जायलाच दुखते. उभा राहिला तर उभ्यानेच करा. आडवा झाला तर त्याच्या पाठीमागे बसा, तोंडावर वाकून नाही.

१. एक हात मानेच्या मुळाशी आणि दुसरा शेपटीच्या वर, कमरेवर ठेवा. काहीच करू नका. अर्धा मिनिट थांबा. शांत कुत्र्याचा श्वास मिनिटाला १० ते ३० असतो. तो संथ झाला की पुढे जा. हे टाळू नका. घाईने सुरुवात केली तर पुढची दहा मिनिटे कुत्रा फक्त सोसत राहतो.

२. पूर्ण तळवा अंगाला टेकवून मानेपासून शेपटीकडे केसांच्या दिशेने लांब हात फिरवा. कणा मध्ये ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी. कण्याच्या हाडांवर कधीही दाब नको. पाच-सहा वेळा झाले की हाताच्या पाठीने पुन्हा एकदा फिरवा, कारण ऊब-गारवा तळव्यापेक्षा तिथे चटकन कळतो. इथे वाचायचे असते ते असे: कुठे जास्त गरम लागते, कुठे कातडी थरथरते, कुठे दोरीसारखी ताठ शीर लागते, कुठले केस उलटे किंवा राठ झाले आहेत. डावी बाजू उजवीशी ताडून पाहा. एका मांडीचे मांस दुसरीपेक्षा कमी भरत असेल, तर तो पाय कुत्रा बरेच दिवस चोरतो आहे. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि लिहून ठेवा.

३. आता मान आणि खांदे. घरातले लोक नेहमी खुबा मळत बसतात, कारण एक्स-रेत खुबा बिघडलेला दिसला. पण कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. खुबा दुखू लागला की हा भार आणखी पुढे सरकतो. वर्षानुवर्षे हा जादा भार वाहून मान, खांदे आणि छातीचे स्नायू आखडून जातात. बिघाड मागे असतो आणि थकवा पुढे साचतो. मालिशीने झिजलेला खुबा नवा होत नाही, पण हा थकवा मात्र खरोखर उतरतो. म्हणून निम्मा वेळ खांद्यांना द्या. अंगठा आणि चार बोटे यांच्यामध्ये स्नायू अलगद उचला, पिळा, सोडा. खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेने, मग कोपराच्या वरच्या जाड मांसात, मग दोन पुढच्या पायांच्या मध्ये छातीवर. छातीवरचा भाग बहुतेक कुत्र्यांना फार आवडतो.

४. स्नायूत आखडलेली गाठ लागली तर बोट खुपसू नका. अंगठ्याचे मांसल टोक तिच्यावर ठेवा आणि पिकलेला हापूस चाचपताना जेवढा दाब देतो तेवढाच द्या. दहा ते वीस सेकंद धरा. स्नायू सैल पडला तर ते बोटाला कळते. नाही पडला तर सोडून द्या, उद्या पाहू.

५. शेवटी पाय: पंज्यापासून वर, धडाच्या दिशेने. बोटांमधली कातडी उघडून बघा, बोटे एकेक हलवा. नखे फरशीला टेकत असतील तर ती कापणे हासुद्धा उपचारच आहे, कारण लांब नखांमुळे पाऊल मागे कलते आणि प्रत्येक सांध्याचा कोन बदलतो.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. सवय झाल्यावर दहा-पंधरा. डोळे अर्धे मिटले, मोठा निःश्वास सोडला, तर तो तुमच्याबरोबर आहे. डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, ओठ चाटू लागला, मान तुमच्या हाताकडे वळली, अंग ताठले, तर ती जागा सोडा. गुरगुरला तर रागावू नका. त्याने चावण्याआधी सांगितले आहे आणि ते त्याने सांगत राहावे.

सांधे हलवणे आणि शेक

सांध्यांची झीज असलेल्या किंवा शस्त्रक्रियेनंतर बरे होणाऱ्या कुत्र्याचे सांधे आपण हाताने हलवून द्यायचे असतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी सुरू करायचे ते सर्जनच सांगतील. दुखरा पाय वर ठेवून कुत्र्याला कुशीवर निजवा. गुडघा हलवायचा असेल तर एक हात मांडीखाली, दुसरा घोट्याच्या वर. सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. हळू दुमडा, दोन-तीन सेकंद थांबा, हळू सरळ करा. हाताला अडथळा लागला की तिथेच थांबायचे, पुढे ढकलायचे नाही. पाय पिळायचा नाही. दहा ते पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

जुन्या दुखण्याला हालचालीच्या आधी गरम शेक चांगला: गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल किंवा गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ज्या कुत्र्याच्या मागच्या भागाची संवेदना गेली आहे त्याला शेक देऊ नका, भाजल्याचे त्याला कळत नाही. ताज्या सुजेला आणि व्यायामानंतरच्या ठणक्याला थंड शेक, तोही कापडातून.

फरशी, वजन आणि व्यायाम

हे वाचून मालिश आवडली तरी एक सांगतो: तुमच्या घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर सगळ्यात मोठा उपचार म्हणजे त्या झाकणे. उठताना मागचे पाय घसरून फाकतात, तेव्हा मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात, आणि असे दिवसातून वीस वेळा होते. सकाळची मालिश दुपारपर्यंत पुसली जाते. झोपायची जागा, पाण्याचे भांडे आणि दार यांच्यामध्ये रबरी पाठीच्या चटया किंवा योगा मॅट अंथरा. पंज्यांच्या गादीमधले वाढलेले केस कापा. भांडे थोडे उंचावर ठेवा.

दुसरे वजन. ४८ लॅब्रॉडॉर कुत्र्यांचा जन्मापासून मृत्यूपर्यंत अभ्यास झाला होता. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले. कमी खाणारे कुत्रे सरासरी १.८ वर्षे जास्त जगले आणि त्यांच्यात सांध्यांची झीजही उशिरा आली. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताना सहज लागाव्यात. आपल्याकडे पोळीचा तुकडा, बिस्किट, चहातली खारी हे प्रत्येक माणसाकडून वेगळे मिळते. ते सगळे एका डब्यात काढून ठेवून दिवसाच्या शेवटी पाहिले की गणित कळते.

व्यायामात ‘बस-ऊठ’ हा सगळ्यात सोपा. कुत्र्याला भिंतीला लागून उभे करा म्हणजे बसताना तो दुखरा पाय बाहेर टाकणार नाही. खाऊ नाकासमोर धरून सरळ बसवा, सरळ उठवा. पाच वेळा, दिवसातून दोनदा. दोन-तीन आठवड्यांत दहापर्यंत न्या. दुसरा व्यायाम भार तोलण्याचा: उभ्या कुत्र्याचा एक पुढचा पाय उचलून पाच सेकंद धरा, भार आपोआप मागच्या पायांवर जातो. तिसऱ्यासाठी झाडूच्या दांड्या जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरावर ठेवा आणि त्याला सावकाश वरून चालवा. प्रत्येक पाय उचलावा लागतो आणि प्रत्येक सांधा दुमडतो. रविवारी एकदम दोन तास टेकडी चढवण्यापेक्षा रोज तीन वेळा पंधरा मिनिटे चालवणे कितीतरी चांगले.

मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत आता पाण्यातली ट्रेडमिल मिळते. मोजमाप सांगते की पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर ९१ टक्के वजन येते, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत भरले की फक्त ३८. म्हणजे गुडघाभर पाण्याने फारसा भार उतरत नाही. घराजवळच्या टाकीत किंवा नदीत नेणार असाल तर पाणी खुब्यापर्यंत आहे का ते पाहा, अंगात लाइफ जॅकेट घाला, आणि ताजी जखम असेल तर नको.

घोडा

घोड्याला खरारा करणारा माणूस मालिशच करत असतो, फक्त त्याचे लक्ष धुळीवर असते. तेच काम हाताने वाचत केले की निम्मे शिक्षण झाले. माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसे घोड्यांवर बसतात. तिथला घोडा, लग्नाच्या वरातीतला घोडा किंवा शर्यतीचा घोडा, तिघांचे काम वेगळे असले तरी आखडण्याच्या जागा बऱ्याच सारख्या असतात.

आधी सुरक्षितता. बंद बूट घाला. घोड्याला दाव्याने घट्ट बांधू नका. ओळखीच्या माणसाने हातात धरावे, आणि तो तुम्ही आहात त्याच बाजूला उभा असावा. तुम्ही खांद्याजवळ उभे राहा, एक हात सतत अंगावर ठेवा, कधीही गुडघे टेकून बसू नका. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो; सुरू करण्याआधी मोजा.

घोड्याला गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) नसते. पुढचे दोन्ही पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात, आणि दोन पायांच्या मधोमध छाती त्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उतारावरून ओझे घेऊन येणाऱ्या घोड्याची ही झोळी दिवसभर ताणलेली राहते. म्हणून सुरुवात मानेच्या मुळापासून करा. कानामागून खांद्यापर्यंत तळव्याने लांब हात, मग खांद्याच्या पात्यापुढच्या खळग्यात मुठीच्या सपाट बाजूने हळू दाबून सोडणे, मग छाती, मग तंग बसतो ती जागा. तंगाखालच्या भागात जवळजवळ प्रत्येक राबत्या घोड्याला दुखते. तिथे फक्त तळवा ठेवून थांबले तरी पुरते.

पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा रुंद जाड स्नायू आहे. बोटांनी नव्हे, तळव्याच्या टाचेने, अंगाचे वजन हळू टाकत पुढून मागे जा. पाठ अचानक खाली दबली किंवा कान मागे गेले तर ती दुखरी जागा. मग पुठ्ठे आणि मांड्यांचा मागचा भाग. इथे स्नायू एवढे दाट असतात की कोपराचा आधारही चालतो, पण बाजूला उभे राहून, मागे नाही. डोके खाली आले, खालचा ओठ लोंबला, घोडा चघळू लागला किंवा जांभई दिली, तर हात योग्य जागी आहे. पूर्ण घोड्याला चाळीस मिनिटे लागतात.

पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या घोट्याखाली घोड्याला जवळजवळ स्नायूच नसतात, फक्त कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि अस्थिबंध. तिथे मळण्यासारखे काही नाही. बोटांनी कंडरा रोज चाचपा: गरम, फुगीर किंवा दाबल्यावर पाय काढून घेणारी जागा लागली तर त्या दिवशी काम बंद, पंधरा-वीस मिनिटे थंड पाण्याची धार, आणि डॉक्टर.

पाठीच्या बळकटीसाठी गाजराचा व्यायाम करा. गाजर दाखवून घोड्याचे तोंड छातीकडे, मग दोन पुढच्या गुडघ्यांच्या मध्ये, मग एकेका कुशीकडे आणायचे आणि काही सेकंद धरायचे. झटका नाही, तो आपण होऊन येईल तेवढेच. नॅरेल स्टब्ज आणि हिलरी क्लेटन या संशोधकांच्या अभ्यासात आठवड्याला पाच दिवस, प्रत्येक व्यायाम पाच वेळा, असे तीन महिने केल्यावर कण्याला धरून ठेवणारे खोल स्नायू जाड झालेले आढळले. एवढ्या कमी खर्चाचा दुसरा उपचार मला माहीत नाही.

आणि खोगीर बघा. काम संपल्यावर ते उतरवताच पाठीवरचा घाम पाहा: सगळीकडे ओले आणि मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर सतत रुतते आहे. पांढरे केस उगवले असतील तर ते फार दिवसांपासून चालले आहे. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगिराचा भार जाता कामा नये, कारण तिथून पुढच्या कमरेला खालून आधार नाही. ते दुरुस्त केल्याशिवाय पाठ मळणे व्यर्थ आहे.

बाहेरचा माणूस बोलवताना

महिन्यातून एकदा फोनवर चालीचे चित्रण करा, बाजूने आणि मागून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. पुढचा पाय दुखत असेल तर चांगला पाय टेकताना डोके खाली जाते आणि दुखरा टेकताना वर उचलते. हे कुत्र्यात आणि दुलकी चालणाऱ्या घोड्यात सारखेच दिसते. हे चित्रण, मांडीचे माप आणि एक्स-रे घेऊनच जनावरांच्या फिजिओथेरपिस्टला भेटा. त्याने आधी जनावराला चालवून पाहिले पाहिजे, डॉक्टरांचा कागद मागितला पाहिजे आणि घरी करायचा व्यायाम तुमच्याकडून समोर करून घेतला पाहिजे. यातले काहीच न विचारता जो ‘तीन बैठकांत ठणठणीत करतो’ म्हणतो, त्याला जनावराला हात लावू देऊ नका.